बाईंना विचारा : पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

संक्रांत झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीपर्यंत "अभ्यासात गोडी कशी लावू" असं विचारणारी मंडळी जानेवारीत "आता काय करू" वर येतात. तेहतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, तेव्हाही स्टाफरूमच्या दाराशी जानेवारीतच गर्दी व्हायची. या वेळच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली, कारण त्याच अर्थाची आणखी सात-आठ पत्रं खाली पडून आहेत.

बाई, मी नववीत आहे. आमचं गाव शाळेपासून अठरा किलोमीटर आहे. साडेपाचची एसटी धरून घरी यायला साडेसहा होतात. मग पाणी भरणं, आईच्या हाताखाली स्वयंपाक. आठ ते साडेदहा अभ्यास करते. प्रत्येक धडा तीन-चार वेळा वाचते. वाचताना सगळं समजतं, पण घटक चाचणीला प्रश्न बघितला की डोकं कोरं होतं. मागच्या वेळी विज्ञानात २० पैकी ७ पडले. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा कमी वेळ बसते, तिला १६. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? (जत तालुका)

नाही गं. शाळेचं अंतर, एसटीची वेळ, तुझे मार्क, मैत्रिणीचे मार्क, एवढं सगळं तू पत्रात लिहिलंस. ते लिहिताना कुठली वही उघडली होतीस? तुझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

घोळ "तीन-चार वेळा वाचते" या शब्दांत आहे. दुसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो, तिसऱ्यांदा तर पुढचं वाक्य काय येणार तेही कळतं, आणि आपल्याला वाटतं, आलं! बाजारात एखादी बाई दिसते, आपण हसतो, "काय, बरंय ना?" करतो आणि नाव मात्र घरी येऊन भाजी निवडेपर्यंत आठवत नाही. चेहरा ओळखणं वेगळं, नाव आठवणं वेगळं. पेपरात चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात. तू सराव करतेस चेहरा ओळखण्याचा.

तेव्हा आजपासून एक कर. घरात पाठकोरे कागद असतीलच: लग्नपत्रिकांच्या पाठी, जुन्या वह्यांची एका बाजूने लिहिलेली पानं. त्यांचा गठ्ठा शिवून घे. धडा एकदाच वाच, सावकाश. पुस्तक मीट. आणि आठवेल ते पाठकोऱ्यावर लिही. अक्षर कसंही आलं तरी चालेल, वाक्यं पुरी झाली नाहीत तरी चालेल.

एक उदाहरण घेऊ. तुझ्या पुस्तकात प्रकाशाचं परावर्तन आहे. अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट, आरशासमोर वस्तू ठेवायच्या सहा जागा, आणि दर वेळी प्रतिमा कुठे पडते, केवढी, उलटी की सुलटी, असा तक्ता आहे. हा तक्ता नुसता वाचून कोणाला पाठ झालेला मी पाहिला नाही. पुस्तक मिटून कागदावर एक आडवी रेघ मार, तो मुख्य अक्ष. आरसा काढ. ध्रुव (आरशाचा मध्य), वक्रता केंद्र (आरसा ज्या गोलाचा तुकडा त्या गोलाचा मध्य) आणि त्या दोघांच्या अधोमध नाभी, यांच्या खुणा कर. आता वस्तू लांबून एकेक घर पुढे आण आणि प्रतिमा कुठे गेली ते लिही. वस्तू वक्रता केंद्रावर आली की बहुतेकांना जमतं: प्रतिमा तिथेच, तेवढीच, फक्त उलटी. पुढे वस्तू नाभी आणि ध्रुवाच्या मध्ये आली की गाडी अडते. अडू दे. दोन-तीन मिनिटं डोकं खाजव, पुस्तकाकडे हात नेऊ नकोस. मग उघड आणि लाल पेनाने लिही: आरशामागे, आभासी, सुलटी, मोठी. लाल पेनाने लिहिलेली ती ओळ सहसा जन्मभर जात नाही.

आणि स्वयंपाकघरात चकचकीत स्टीलची पळी असेल तर तिच्या आतल्या बाजूत तोंड बघ, उलटं दिसेल. पाठीत बघ, सुलटं आणि बारीक. एसटी ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा त्या पाठीसारखाच, बहिर्वक्र. म्हणून मागचा ट्रक त्यात लहान दिसतो. एवढं सगळं घरात आणि एसटीत असताना आपण ते पुस्तकात शोधत बसतो.

हे काही मी काढलेलं नवं खूळ नव्हे. माझी आजी दिवेलागणीला आम्हा भावंडांना ओसरीवर बसवून परवचा म्हणून घ्यायची. पाढे, आणि पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे. पुस्तक कुठेच नसायचं, कंदिलाच्या उजेडात दिसलंही नसतं. चुकलं की आजी पुढे जाऊ द्यायची नाही. घोकंपट्टी म्हणून आपण त्या प्रकाराला नावं ठेवली, आणि अर्थ न कळता घोकण्याला मीही वर्गात नावंच ठेवायची. पण रोज, न बघता, तोंडातून बाहेर काढायचं हा त्यातला भाग आपण उगाच टाकून दिला.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये याच धर्तीचा एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. तुझं नेमकं हेच होतंय. रात्री साडेदहाला तू वाचणाऱ्यांच्या रांगेत पहिली असतेस, पण चाचणी रात्री साडेदहाला नसते.

आता वेळेचं. तुझ्याकडे अडीच तास आहेत, पुष्कळ आहेत. आठला बसलीस की पहिली पंधरा मिनिटं काल काय केलं ते पाठकोऱ्यावर उतरव, पुस्तकाशिवाय. मग एक विषय पाऊण तास, उठून पाणी पी, दुसरा विषय पाऊण तास, आणि उरलेल्या वेळात गृहपाठ. दहाला वही मीट. साडेदहापर्यंत ताणू नकोस, दिवसभराच्या दगदगीनंतर त्या अर्ध्या तासात डोळे फिरतात, डोकं नाही. एसटीत पुस्तक काढू नकोस, हादऱ्यांनी डोकं दुखतं. खिडकीला टेकून कालचा तक्ता मनात म्हण. जिथे अडलं तो शब्द तळहातावर लिहून ठेव, घरी गेल्यावर बघ. आमच्या वेळी तळहातावर लिहिलं की छडी बसायची, तो भाग सोड.

एकच धडा एका रात्रीत संपवायची घाई नको. सोमवारी केलेलं मंगळवारी आठव, मग शुक्रवारी, मग पुढच्या आठवड्यात एकदा. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने स्वतःवरच प्रयोग करून, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून, आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरण्याचा मोठा घास सुरुवातीलाच जातो, नंतर वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी.

हे सगळं मला कळलं ते स्वतः आपटल्यावर. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राचं अख्खं पुस्तक मी लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवलं होतं. महत्त्वाचं लाल, अति महत्त्वाचं निळं. पेपरात पहिला प्रश्न वाचल्यावर मला पान आठवलं, पानावरचा निळा पट्टा आठवला, पट्ट्याखाली काय होतं ते आठवलं नाही. बाजूच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती आणि मी पेन्सिलीला टोक करत बसले होते.

मुलगा आठवीत आहे. मी त्याला पहाटे पाच ते रात्री दहा असं वेळापत्रक करून दिलं, रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवसापासून रोज भांडण. त्याला शिस्त लावायची तरी कशी? (एक आई, नाशिक)

ताई, लॅमिनेट केलेल्या कागदावर खोडता येत नाही, हीच पहिली अडचण. जे खोडता येत नाही ते चौथ्या दिवशी खोटं पडतं.

हसू नका, मीही हे केलं आहे. माझा मुलगा सहावीत असताना मी चार रंगांची स्केचपेनं वापरून तक्ता केला. दुसऱ्यांच्या चाळीस मुलांना ओळखणारी मी, आणि घरात माझा मुलगा इतिहासाच्या पुस्तकात क्रिकेटचं मासिक ठेवून रोज पाच ते सहा "अभ्यास" करत होता. दीड महिना. मी तक्त्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

उलटं करून बघा. एक साधा कागद आणि पेन्सिल घ्या आणि त्यालाच लिहायला बसवा. आधी जे ठरलेलंच आहे ते लिहायचं: शाळा, जाणं-येणं, क्लास, जेवणं, अंघोळ, झोप आणि खेळ. खेळ आधी लिहायचा, उरला तर नाही. मग काय उरलं ते मोजायचं. आठवीतल्या मुलाच्या शाळेच्या दिवसात अभ्यासाला सहसा दोन-अडीच तासच उरतात. तुमच्या तक्त्यात किती धरले होते ते एकदा बघा.

त्या अडीच तासांतही "सात ते आठ गणित" असं लिहू नका. आठ वाजण्याची वाट बघणं हे त्याचं काम होऊन बसतं. घड्याळाऐवजी काम लिहा: "गणित, सरावसंच, पहिली सहा उदाहरणं." आणि शेजारी त्याचा अंदाज: किती मिनिटं लागतील? संपलं की प्रत्यक्ष लागलेली मिनिटं. आठवडाभर एवढंच करा, बोलू काही नका. मुलं अर्धा तास म्हणतात आणि पन्नास मिनिटं लागतात. इतिहासाचे चार प्रश्न तासाचे वाटतात आणि पंचवीस मिनिटांत होतात. स्वतःचा अंदाज चुकलेला स्वतःच्या अक्षरात दिसला की पुढच्या आठवड्याचा बेत मूल आपणहून शहाणपणाने करतं. आपण सांगितलं की भांडण होतं.

रविवारी सकाळचा एक तास रिकामा ठेवा. आमच्या घरी त्याला "उधारीचा तास" म्हणायचे. आठवड्यात राहिलेलं त्या तासात फेडायचं. उधारी नसेल तर तास त्याचा. माझा मुलगा शनिवारी रात्रीच उधारी संपवायला लागला, कारण रविवारी नऊला मैदानावर टीम निवडायचे.

पहाटे पाचचं काढून टाका. तो स्वतःहून उठत असेल तर गोष्ट वेगळी.

दहावीत आहे. पूर्वपरीक्षेत भूमितीचा पेपर पुरा झाला नाही. प्रश्न ४ मधला एक आणि प्रश्न ५ राहिला, म्हणजे ४० पैकी ७ मार्कांचं लिहिलंच नाही. येत होतं सगळं. (लातूर)

येत असून राहिलं, याचं दुःख जास्त असतं, समजू शकते. पण तू पत्रासोबत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पाठवलीस हे फार चांगलं केलंस, त्यात सगळं दिसतं.

प्रश्न २ मध्ये "कोणतेही चार" लिहिलं आहे, तू पाच सोडवलेस. प्रश्न ३ मध्ये "कोणतेही दोन" आहेत, तू तीन सोडवलेस. बरोबर आलेल्या जादा उत्तरांना मार्क शून्य, आणि तिथेच तुझी दहा-बारा मिनिटं गेली. वर्तुळाला स्पर्शिका काढताना तू आकृती दोनदा काढली आहेस, पहिली छान होती. पेन्सिल थोडी जाड उमटली म्हणून खोडलीस का?

हिशेब साधा आहे. ४० मार्क, १२० मिनिटं, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. पण तेवढी सगळी वापरायची नाहीत. प्रश्न १ चे आठ मार्क पंधरा मिनिटांत, प्रश्न २ चे बारा अर्ध्या तासात, प्रश्न ३ चे नऊ पंचवीस मिनिटांत, प्रश्न ४ चे आठ पंचवीस मिनिटांत, प्रश्न ५ चे तीन दहा मिनिटांत. झाली एकशेपाच. उरलेली पंधरा आकृत्यांना नावं दिलीत का, एककं लिहिलीत का, हे बघायला. २०२३ च्या परीक्षेपासून बोर्ड पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, ती या हिशेबात धरू नकोस. ती धरून बेत केलास की पुन्हा दहा मिनिटं कमीच पडतील.

अडलेल्या प्रश्नावर ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त गेली की अर्धं पान मोकळं सोडून पुढे जा. मी बोर्डाचे पेपर तपासले आहेत. गणितात मार्क पायरीपायरीला असतात. आकृती, पक्ष, साध्य एवढं लिहिलेलं असलं तरी काहीतरी देता येतं. कोऱ्या पानाला आम्ही काय देणार? हात शिवशिवायचा, पण देता यायचं नाही.

परीक्षेपर्यंत आठवड्यातून दोन पेपर घरी घड्याळ लावून सोडव. मराठीचा एक तरी सोडव, तिथे गणित बदलतं: ८० मार्क, तीन तास, मार्काला सव्वादोन मिनिटं, आणि निबंधात लोक वाहून जातात. मधे चहा नाही, उठणं नाही. चहा एक तास पन्नास मिनिटांनी गार झाला तरी चालेल.

अभ्यास करताना गाणी ऐकलेली चालतात का? (अकरावी, कोल्हापूर)

गणित सोडवताना बिनशब्दांची चालतील. वाचताना, पाठ करताना शब्द असलेली नकोत. गाण्यातले शब्द आणि धड्यातले शब्द एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि गाणं जिंकतं. आणि गाणं बदलायला मोबाईल हातात घेतला की किती वेळाने ठेवतोस, ते एकदा मोजून मला कळव.

बाई, मी सहावीत आहे. मला गणिताच्या चाचणीत २० पैकी ९ मिळाले. पेपरवर घरून सही आणायची आहे. दोन दिवस झाले, पेपर दप्तरातच आहे. काय करू?

बाळा, आधी सही. आजच, रात्रीची जेवणं झाल्यावर. जेवणाआधी नको, भुकेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. पेपर पुढे करताना "नऊ पडले आणि अकरा कुठे गेले ते मी शोधलंय" असं म्हण. त्यासाठी आधी खरंच शोधावे लागतील.

प्रत्येक चुकीच्या उत्तरापाशी पेन्सिलीने एक अक्षर लिही. मुळात येतच नव्हतं तिथे "न". येत होतं पण बेरीज-वजाबाकीत घसरलास तिथे "घ". प्रश्न नीट वाचलाच नाहीस, म्हणजे परिमिती विचारली आणि क्षेत्रफळ काढून आलास, तिथे "व". मग प्रत्येक अक्षराचे मार्क मोज. "न" चं उदाहरण तुझ्या बाईंना विचार, "घ" चं पुन्हा सोडव, आणि "व" साठी पुढच्या पेपरात काय विचारलंय त्या शब्दाखाली रेघ मारायची. अशा चुका एका छोट्या वहीत उतरवून ठेव, पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तेवढीच वही बघायची.

"न", "घ" आणि "व" किती किती निघाले ते पोस्टकार्डावर लिहून पाठव. आणि सही आईची मिळाली की बाबांची, तेही.